न झोपवणारी गोळी

आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथमध्ये माणसानं कुठंही शिंकावं, पण आमच्या मेडिकलवाल्या भाऊंच्या दुकानासमोर शिंकू नये, हे मी पैजेवर सांगतो. तिथं शिंकलेला माणूस गोळी घेऊन अर्ध्या तासाच्या आत सुटल्याचं मी तरी पाहिलं नाही. गोळी मिळायला दोन मिनिटं, उरलेला वेळ शिकवणी. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर. दिवसभर पोरांसमोर घसा फोडून आल्यावर मला कोणी शिकवलेलं खपत नाही. पण भाऊंना आवरणार कोण? पन्नाशी उलटलेला माणूस, डी. फार्म. होऊन जमाना झाला, तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडून परीक्षा उद्यावर आल्यासारखा बसायचा. आणि त्या सगळ्या पुस्तकात त्यांचा जीव अडकला होता एकाच पदार्थात, हिस्टामिनमध्ये.

"मास्तर, हिस्टामिन दुश्मन नाही. घरचाच माणूस हाये, जरा तापट," असं सुरू व्हायचं. मग बोलण्यात बस यायची. "बस आली की तुमी खिडकीतून सीटवर रुमाल टाकता का नाही? तसंच हाये. शरीरात हिस्टामिनसाठी चार जातीच्या सीटा हायेत. पहिलीवर बसलं की शिंका, खाज, अंगावर गांधीचे चट्टे. दुसरीवर बसलं की पोटात आम्ल. तिसरी मेंदूत, चौथी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर. शिंकेची गोळी काय करते? हिस्टामिनच्या आधी जाऊन पहिल्या सीटवर रुमाल टाकते!" एवढं बोलून ते खिशातला खराखुरा रुमाल काउंटरवर टाकत. कापसाच्या हंगामात अख्खं गाव नाक पुसत फिरतं, तेव्हा हा रुमाल दिवसातून किती वेळा पडत असेल देव जाणे. एकदा एका बेजार गिऱ्हाईकानं तो उचलून त्यातच नाक शिंकरलं आणि "धन्यवाद भाऊ" म्हणून परत ठेवला. भाऊंनी दुसरा रुमाल काढला आणि पुढं चालू.

दुसरी खोड म्हणजे चौकशी. "गाडी कोण चालवून राह्यलं?" हे विचारल्याशिवाय गोळ्यांची पट्टी हातात पडत नसे. शिंकेवरच्या जुन्या जातीच्या पिवळ्या गोळ्या मेंदूत शिरतात, नव्यांना मेंदूच्या दारावरचा चौकीदार सहसा आत घेत नाही. "अन् पहिल्या जातीच्या सीटा मेंदूतबी हायेत, तिथं बसून हेच हिस्टामिन माणसाले जागं ठेवते मास्तर. तिथं रुमाल पडला की माणूस डुलला!" एका ऑटोवाल्याला पिवळीच गोळी पाहिजे होती. भाऊ म्हणाले, आधी ऑटोची चावी ठेव. बाहेर ऑटोत सहा बाया भाजीच्या टोपल्या घेऊन ओरडत होत्या, पण भाऊ ढिम्म हलले नाहीत. शेवटी त्याला नवी गोळी घ्यावी लागली.

पण माणूस कळतो तो या गोष्टीतून. एकदा त्यांनी नव्या पुस्तकात वाचलं की रिकामी सीटही थोडी थोडी काम करत असते, आणि गोळी नुसती जागा अडवत नाही, ती सीटच थंड करून टाकते. म्हणजे रुमालाचा दाखला अपुरा! दुसरा असता तर गप बसला असता. भाऊंनी दोन दुपारी दुकान बंद ठेवलं आणि आठवतील त्या गिऱ्हाइकांच्या घरी गेले. वांगी तोडणाऱ्या एका मावशीला बांधावरून म्हणाले, "मावशी, मी तुमाले चुकीचं सांगतलं होतं."

"बापा! गोळी बदलली का?"

"गोळी तेच हाये. कारण बदललं."

मावशीनं त्यांना चार वांगी दिली आणि वाटेला लावलं. आम्ही ही गोष्ट सांगून महिनाभर हसलो. सगळ्यांत जास्त मी.

आता पुढचं सांगताना मला लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे. मागच्या वर्षी भीमपूरला मेहुणीचा साखरपुडा होता. मला शिंका थांबेनात. भाऊंनी नवी, न झोपवणारी गोळी दिली, वर बजावलं, "घरात जुन्या पिवळ्या असतीन तर हात लावू नका." मी मास्तर, मला कोण सांगणार! तासाभरात फरक पडेना म्हणून घरच्या डब्यातल्या दोन पिवळ्या गिळल्या, बायकोला मागं बसवलं आणि गाडी काढली. भीमपूरच्या अलीकडं डोळा लागला. गाडी रस्ता सोडून कापसात. मला खरचटलंही नाही, बायकोचा हात मोडला.

दवाखान्यात थोरले मेहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "काय पिऊन चालवत होते जावईबापू?" सासरे खाली बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "मेडिकलवाल्या भाऊंनी गोळी दिली, तिनंच झोप आली." झालं! आठ दिवसांत गावभर झालं की भाऊंच्या गोळीनं माणसं झोपतात.

भाऊ आमच्या घरी आले. बायकोच्या प्लास्टरकडे बघत हात जोडून म्हणाले, "वहिनी, मी नवीच दिली असं मले वाटते. पण हात चुकला असन. माफी करा." मी तिथंच होतो, पाण्याचा ग्लास घेऊन. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

त्यानंतर भाऊंची शिकवणी बंद पडली. पट्टी तीनदा वाचून देतात आणि "डॉक्टरले विचारा" एवढंच म्हणतात. पुस्तक कपाटात गेलं. वर्षभर मी त्या दुकानासमोरून मान खाली घालून गेलो. परवा दुपारी दुकान रिकामं होतं, मी आत शिरलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. मनातून हव्याच होत्या.

"दोन घेतल्या?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"पिवळ्या?"

"पिवळ्या."

भाऊ स्टुलावर बसले. चष्मा काढला, डोळे पुसले. "म्हंजे मी दिली ते बरोबर होती," म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसले. मग हळूच विचारलं, "वहिनीले सांगतलं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग राहू द्या. चांगलं चाललेल्या घरात काऊन आग लावता? मले कळलं, बस झालं."

माझ्या जागी भला माणूस असता तर त्याच पावली घरी जाऊन बोलला असता. मी घरी गेलो. बायको ओसरीत कापूस निवडत शिंकत होती. तो हात तिला अजून पुरता वळवता येत नाही. म्हणाली, "अहो, उद्या आदिलाबादले चालले ना, तिकडूनच गोळी आणा. त्या भाऊंकडची नको बापा."

मी "बरं" म्हणालो.