भाऊजींची भोकांची पट्टी

आमच्या भाऊजींइतका दुसऱ्याच्या वस्तूत हात घालणारा माणूस अख्ख्या जबलपुरात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संरक्षण कारखान्यात लेथवर हयात घालवून निवृत्त झालेले. शहराच्या अधारताल भागातून स्कूटरवर आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी येत, दारातूनच ‘‘जय भीम, मास्तर’’ म्हणत आणि चहा येईपर्यंत काहीतरी उघडून बसत. एकदा चांगल्या चालत्या पंख्याचा आवाज त्यांना दुखल्यासारखा वाटला. आम्ही चार दिवस पुठ्ठ्याने वारा घेतला. कुकरला त्यांनी घडवलेली मूठ इतकी मजबूत होती की कुकर उचलायला दोन माणसं लागत.

मी शाळेत हिंदी शिकवायचो. अक्षर माझं देखणं. शाळेची सगळी प्रमाणपत्रं मीच लिहायचो. त्या अक्षराखेरीज माझ्यात फारसं काही नाही, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी सहावीच्या वह्या तपासत होतो. मृणाल नावाच्या मुलीची वही म्हणजे शाईत बुडून पळालेल्या मुंग्या. मी नेहमीप्रमाणे दहापैकी दोन दिले आणि खाली लाल शाईने वळणदार ‘अक्षर सुधारो’ लिहिलं. भाऊजींनी ती वही उचलली, अर्धा तास डोळ्यांशी धरली आणि एकटेच हसले.

‘‘काहून दोन दिले?’’

‘‘अक्षर बघा ना भाऊजी.’’

‘‘पाहिलं. तुम्ही वाचलं काय?’’

मग त्यांनीच वाचून दाखवलं. विषय होता नदीची आत्मकथा. ‘मैं नर्मदा हूँ। लोग मुझमें कचरा डालते हैं, फिर मेरे ही पैर पड़ते हैं।’ वर्गातल्या बाकीच्या चाळीस नद्या मी फळ्यावर लिहून दिलेल्या वाक्यांतूनच वाहत होत्या.

दुसऱ्याच दिवशी भाऊजी शाळेत हजर. मृणालला लिहायला लावून तिची बोटं निरखत राहिले. ‘‘पोरगी आळशी नाही, मास्तर. हात थकून राहिला तिचा.’’ त्यांनी तिला उतरती पाटी करून दिली, पेन्सिलीला जाड पितळी कडं बसवलं. अर्धं पान बरं गेलं, मग बोटं आखडली. तेव्हा स्वतःच्या मुलाचा जुना लॅपटॉप आणला आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीला प्रत्येक बटणावर येईल असं भोक पाडून ती वर बसवली, म्हणजे बोट शेजारी घसरत नाही.

‘‘यंत्राने कोणी हुशार होतं का?’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही चष्म्याने झाले काय?’’ भाऊजी म्हणाले.

परीक्षेत हे वापरायला परवानगी हवी होती. प्राचार्यबाई म्हणाल्या, वर्गशिक्षकांनी, म्हणजे मीच, लिहून द्यावं. मी दिवसभर बसून सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. बाईंनी तो परत केला. ‘‘सर जी, टाइप करके दीजिए।’’ मला टायपिंग येत नव्हतं. मृणालने वीस मिनिटांत करून दिलं आणि माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका, मला न विचारता, दुरुस्त केल्या.

परवानगी मिळाली. वार्षिक परीक्षेत तिने सात पानं लिहिली. ती मी घरी शब्दन्‌शब्द वाचली; भाऊजी समोर बसले होते. इतकं सगळं ती वर्षभर मनात घेऊन माझ्यासमोर गप्प बसत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘‘भाऊजी, हिच्याआधीच्या पोरांचं काय हो? त्यांनी काय लिहिलं होतं, मी पाहिलंच नाही.’’

भाऊजींनी पहिल्यांदाच कशाला हात लावला नाही. ‘‘ते नाही दुरुस्त होत, मास्तर,’’ म्हणाले आणि बराच वेळ माझ्याजवळ नुसते बसून राहिले.