बाळंतिणीच्या खोलीतलं कपाट

मला स्वस्थ बसवत नाही, हात शिवशिवतात. लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्या अंबरपेठेतल्या घरी ठरलं, तशी मी सुताराला बोलावून मागच्या खोलीत भिंतभर कपाट करून घेतलं. कोरा प्लाय, वरून चकचकीत लॅमिनेट. पुण्याहून तिच्या सासरची माणसं बाळ बघायला येणार, त्यांनी नाक मुरडायला नको. खरं सांगते, डोक्यात तेवढंच होतं. लेकीला लहानपणी दमा होता, हे काय मला ठाऊक नव्हतं?

ती यायला पाच दिवस उरले. बाळंतिणीची खोली आधीपासून गरम करून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. खिडक्या लावल्या, फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले, शेगडीत निखारे घालून वर ओवा आणि शेपा टाकला. दोन तासांनी आत गेले तर डोळ्यांत झणझणलं, घसा धरला. म्हटलं, धुरी जास्त झाली. शेगडी बाहेर काढली, तरी संध्याकाळी तेच. दर पंधरा मिनिटांनी जायचं, हुंगायचं, खोकत बाहेर यायचं. तेवढ्यात तिचाच फोन.

"आई, खोली तयार आहे ना?"

"हौ, एकदम तयार," मी म्हटलं. खोटं बोलले आणि वर स्वयंपाकघरात भांडी आपटली.

सकाळी सुताराला फोनवरच झापलं. कसलं सडकं लाकूड लावलंस म्हणून! बिचारा तासाभरात आला. म्हातारा माणूस, अफझलगंजला दुकान. कपाट उघडून नाक आत घातलं, मग माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं.

"अम्मा, लकडी की नहीं, गोंद की बू है. प्लाय के परत इसी से चिपकते. और तुम शेगडी जलाए? गरमी में तो और निकलती. खिडकी बंद नक्को करो."

गोंद! मी पुन्हा नाक आत घातलं आणि कपाळावर हात मारला. कोठीजवळच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी. बेडूक बुडवलेल्या फॉर्मलिनच्या बरण्या रोज हाताळल्या, पोरांना बजावलं, झाकण उघडून तोंड आत घालू नका. आणि स्वतःच्या घरात तोच वास ओळखता आला नाही! डोळे इतके जळत होते की रडतेय की काय, तेही कळेना.

"मग आता काय करू? बिनवासाचं काही मिळतं का नाही?"

मिळतं, म्हणाला. सोयाबीनच्या पिठाच्या गोंदाने चिकटवलेला प्लाय येतो, फॉर्मल्डिहाइड, म्हणजे माझ्या फॉर्मलिनमधलंच ते, न घातलेला. पण मागवावा लागतो, तीन आठवडे लागतील, आणि ओल सोसत नाही, म्हणून मोरीजवळ नको. त्याचे वडील तर सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा गोंद, शिजवून लावायचे, त्याचाही वास यायचा, पण जेवायला बसेपर्यंत तो निघून जायचा. तीन आठवडे! माझ्याकडे चार दिवस.

"काढ," मी म्हटलं.

"कपाट?"

"मग काय, मला काढतोस?"

तो हसला, मी नाही हसले. संध्याकाळपर्यंत सगळं कपाट तुकड्यातुकड्याने गच्चीवर गेलं. सोयाबीनचा प्लाय मागवायला सांगून मी खिडक्यांतले बोळे स्वतः ओढून काढले. चार दिवस पंखा चालू, दारं सताड उघडी. रीत मोडली म्हणून आईची आठवण यायची, तरी रात्री उठून परत हुंगायला जायचे.

लेक आली. पोटावर हात ठेवून खोलीच्या दारात थांबली. भिंतीवर खिळ्यांची भोकं, कोपऱ्यात जुनी लोखंडी पेटी, उघड्या खिडकीतून रस्त्यावरचा गोंगाट. ती लगेच आत आली नाही. खोल श्वास घेतला, परत एकदा घेतला.

"कपाट कुठंय? तू फोटो पाठवला होतास."

मी सगळं सांगितलं. शेगडी, बोळे, फोनवरचं खोटं. ती पेटीवर टेकली.

"आई, लहानपणी मला धाप लागायची, तेव्हा तू खिडक्या लावून धुरी द्यायचीस. मी म्हणायचे उघड, तू म्हणायचीस वारा लागेल." तिने पर्समधून फोन काढला. "या वेळीही तसंच असेल म्हणून परवाचं परतीचं तिकीट काढूनच आलेय मी."

मी पेटीवर तिच्याशेजारी टेकले.

"रद्द कर," मग म्हटलं. "माझ्यासमोर."

तिने केलं.