मदतीला एक बाई येतात

माझी मुलगी तिसरीत असताना शाळेने मुलांना ‘आपला गाव’ या विषयावर घरून मॉडेल करून आणायला सांगितलेलं. डोंबिवलीतल्या बहुतेक आयांनी केलं तेच मीही केलं. थर्माकोलची घरं, हिरव्या रंगात भिजवलेला भुसा आणि मधे आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं. मला हस्तकलेची आवड होती, नात्यातल्या लग्नांत रुखवत मीच सजवायचे, त्यामुळे आपलंच मॉडेल उठून दिसणार हे मी धरून चाललेले. प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात गेले, तर सगळे शेवटच्या बाकाभोवती जमलेले.

त्या बाकावर मिठागर होतं. पत्र्याच्या जुन्या ट्रेमध्ये मातीचे बांध घातलेले, बांधांमधल्या चौकोनांत खरं मीठ, आणि मिठाच्या ढिगांपाशी डोक्यावर टोपली घेतलेल्या चार बायका. प्रत्येक बाई बोटाएवढी. एकीने पदर कमरेला खोचलेला, एक टोपली खाली ठेवून पायाला काय रुतलं ते बघत होती. चेहरे म्हणजे नुसते ठिपके होते, पण ती बाई दमली आहे हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

बाकाशेजारी त्या मुलीची आई उभी होती. मी विचारलं, “तुम्ही केलंत?”

“मंग? पोरीला काय जमतंय?” ती हसली. “माजी आजेसासू मिठावर जायची. ती सांगायची तसा केला.”

ती ठाकुर्लीजवळच्या जुन्या गावातली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. आधी शेती आणि मिठागरातलं काम, नंतर त्याच जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि भाडी येऊ लागली. आमचं दोन खोल्यांचं घर कर्जावर घेतलेलं. म्हणजे आमच्या दोघींत पैशाने बरी ती होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे बोलले ते ऐकून कोणालाही उलटंच वाटेल.

शाळा सुटायची वाट बघत आम्ही रोज फाटकापाशी भेटायला लागलो. तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. लहानपणी खाडीकडच्या मातीची, लग्नानंतर कागदाच्या लगद्याची माणसं करायची, आणि घरातले लोक झाडताना टाकून द्यायचे. मी तिला म्हटलं, “आपण दोघी मिळून रुखवताच्या ऑर्डरी घेऊया का?” ती लगेच हो म्हणाली नाही. घरी विचारलं, दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी फाटकापाशी आली ती मला थेट ‘तू’ म्हणतच. “चल गो, करूया. पन लगदा मी माज्या पद्धतीने करीन.”

आमच्या हॉलमध्ये काम सुरू झालं. ती जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजत घालायची, तिसऱ्या दिवशी वाटायची, त्यात मेथीची पूड आणि डिंक घालून कणकेसारखं मळायची. मेथीमुळे कीड लागत नाही, म्हणायची. घरभर तो कडवट वास असायचा. नवरा कुरकुर करायचा, मग एक दिवस त्यानेच माळ्यावरची रद्दी काढून दिली. ऑर्डर आणणं, रंगांचा मेळ बसवणं, मांडणी करणं, लग्नाच्या हॉलवर जाऊन सजवणं ही कामं माझी. माणसं, घरं, झाडं, बैल, होड्या सगळं तिचं.

एका मुलीला रुखवतात आपल्या आजीचं कोकणातलं घर हवं होतं. ते घर पडलेलं, फोटो एकही नाही. माझ्या या मैत्रिणीने त्या आजीचा नंबर मागून घेतला आणि तीन दुपारी फोनवर काय काय विचारत बसली. विहीर दारातून दिसायची का? जातं कुठल्या कोपऱ्यात? तुळस उजवीकडे का डावीकडे? तुम्ही स्वतः कुठे बसायचात? मी कोकणातली असून मला यातला एकही प्रश्न सुचला नसता. तिने घर केलं, आणि मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली एक बाई केली.

लग्नाच्या दिवशी कल्याणच्या हॉलवर मांडणी करायला मी एकटीच गेलेले, तिच्या घरी पाहुणे होते. आजींना खुर्चीसकट रुखवतापाशी आणलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पडवीतल्या त्या बाईला एक बोट लावलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, “बाळा, तुझ्या हातात देव आहे गं.”

मी वाकून नमस्कार केला. फोनवर बोलणारी मी नव्हते आणि घर करणारीही नव्हते, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, “आजींना खूप आवडलं.” ती खूश झाली, परत परत विचारत राहिली, कुठे बघितलं, आधी काय बघितलं, रडल्या का? मी सगळं सांगितलं. फक्त त्या कोणाला काय म्हणाल्या तेवढं वगळलं.

काम वाढलं तसं मोबाइलवर पेज काढायचं ठरलं. मी माझ्या नावापुढे ‘क्रिएशन्स’ लावून टाकलं. तिने ते वाचलं आणि हसत हसत विचारलं, “आन माजा नाव?”

“अगं, दोन नावं लांबलचक होतात. लोकांच्या लक्षात राहत नाहीत. थोडं मोठं होऊ दे, मग व्यवस्थित करू.”

“बरा,” ती म्हणाली आणि कामाला लागली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आणि मीही नाही. तीन वर्षं.

मग ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत स्थानिक कलाकारांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. आम्हाला टेबल मिळालं. तिने त्यासाठी दोन महिने खपून एक हळदीचा मांडव केला. त्यात हळद लावणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या, कोपऱ्यात भांडणाऱ्या मिळून तीसेक बायका, आणि एकीसारखी दुसरी नाही. तिच्या ओळखीचा टेम्पो केला. पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी, मांडीवर तो मांडव. घोडबंदरला नेहमीप्रमाणे गाड्या अडकलेल्या. तासभर आम्ही जागेवरच. ती नवी पैठणी नेसून आली होती, गळ्यात सोन्याचा हार, केसांत अबोलीचा गजरा. तिला उत्साहाने बोलावं की गप्प बसावं कळत नव्हतं.

मला त्या उत्साहाचीच भीती वाटली. तिथे येणारे लोक कोण असतील याचा मी अंदाज बांधला होता. मोठ्या फ्लॅटमधल्या बायका, घरं सजवून देणारे डिझायनर. त्यांच्यासमोर ही ‘मला’ला ‘मना’ आणि ‘नाही’ला ‘नाय’ म्हणत बोलणार, हे मला नको होतं. लिहायला आज लाज वाटते, पण त्या टेम्पोत माझ्या डोक्यात हेच होतं. मी म्हटलं, “तिथे बोलायचं मी बघते हं. तू पॅकिंग सांभाळ. गर्दीत वस्तू तुटतात.”

“चालंल,” ती म्हणाली.

दुपारी आयोजक बाई एका डिझायनरना घेऊन आमच्या टेबलापाशी आल्या. ते गृहस्थ मांडवापाशी गुडघ्यावर बसले. एकेक बाई बघत होते. त्यांनी वर बघून विचारलं, “हे कोणी केलंय? मला त्या व्यक्तीशी बोलायचंय.”

ती माझ्या मागे, चार पावलांवर, खोक्यात कागदाचे बोळे भरत होती. तिचे हात थांबले, हे मला न वळताही जाणवलं.

मी म्हटलं, “कल्पना सगळी माझी. बनवायला मदतीला एक बाई येतात.”

ते “अच्छा” म्हणाले आणि माझ्याशी बोलू लागले. मीही बोलत राहिले. मांडवातली कुठली बाई काय करते आहे, ते तिनेच मला सांगितलेलं, ते मी त्यांना सांगितलं. थोड्या वेळाने वळले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला खोकं बांधून देत होती, आणि त्यांना हसून म्हणत होती, “वर कायी ठेवू नका.”

परतताना टेम्पोत ती मुलींच्या सहामाहीबद्दल बोलली. गणिताला क्लास लावावा का, असं विचारलं. मी उत्तरं दिली. सोसायटीपासून आमच्या घरापर्यंत सव्वा तास होता. त्या सव्वा तासात मला तो विषय काढता आला असता.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. हातातल्या ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तू तिने पुऱ्या केल्या, एकातही हयगय नाही. फक्त आता ती मला तुम्ही म्हणत होती. दोन आठवड्यांनी म्हणाली, “आता मना यायला जमनार नाय. घरी काम हाय.” मी म्हटलं, “बरं. जमेल तेव्हा ये.” मी कारण विचारलं नाही. कारण मला माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायचं धाडस नव्हतं.

पुढच्या महिन्यात माझ्या हातचा लगदा तडकायला लागला तेव्हा मी तिला फोन केला. तिने काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. कागद किती दिवस भिजवायचा, मेथी किती, उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं. “आन घाई करू नका,” म्हणाली. मी आभार मानून फोन ठेवला आणि ते सगळं वहीत लिहून घेतलं.

धंदा चालू राहिला. मी मुली ठेवल्या, साचे करून घेतले. साच्यातल्या बायका सरळ उभ्या राहतात, बाकी काही करत नाहीत. ज्या डिझायनरनी मांडव बघितला होता त्यांनी एका हॉटेलसाठी तसंच काहीतरी मागितलं. मी पाठवलेला नमुना बघून त्यांनी सभ्यपणे कळवलं की सध्या नको. मी त्यांना तेव्हा तरी खरं कळवायला हवं होतं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता.

मुली दहावी होऊन वेगवेगळ्या कॉलेजांत गेल्या, तशी आमची फाटकापाशी भेट व्हायचीही संपली. गेल्या वर्षी मी तिच्या घरी गेले. जायला इतकी वर्षं लावली. तिने दार उघडलं, आनंदाने आत घेतलं, चहा आणि तळलेली तांदळाची बोरं दिली. घर मोठं, स्वच्छ. मी नकळत कपाटांवर, खिडक्यांत नजर फिरवली. तिने केलेलं काहीच कुठे नव्हतं.

मी शेवटी म्हटलं, “ठाण्याला मी जे बोलले, त्याबद्दल माफी मागायला आलेय.”

त्या दिवशी ते ऐकलंच नव्हतं असा आव तिने आणला नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. म्हणाली, “‘एक बाई’ बोलल्याव, त्याचा तवा लय वाईट वाटला. पन माणूस बोलून जातंय. मी टेम्पोत वाट बगत होती. वाटला, आता बोलतील, आता बोलतील. मी हसून सोरून दिला असता.”

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, “आता काही करतेस की नाही?”

“नाय.”

“का?”

“दोन-तीनदा बसली. मानसा होत नाय आता. नुसती बाहुली होतंय.” तिने माझ्या कपात अजून चहा ओतला. “घरातले बोलतान, टायमपास होता, झाला. मीपन तसाच बोलते.”

मी म्हटलं, पुन्हा सुरू करू, तुझ्या नावाने, माझं नाव नकोच. ती नको म्हणाली. रागाने नाही, सुनेची डिलिव्हरी जवळ आली असताना एखादी बाई सहलीला नको म्हणते तशी, दुसऱ्याच गोष्टीत मन असल्यासारखी. जिन्यापर्यंत सोडायला आली.

घरी येऊन मी एक गोष्ट केली, जी मला फार मोठी वाटली. पेजवरचे जुने फोटो शोधले. मांडव, आजींचं घर, होड्या, बैल. प्रत्येकाखाली तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि लिहिलं की हे काम हिचं आहे, माझं नाही. तिला कळवलं नाही. कळेलच, असं वाटलं.

तिला कळलं ते चार दिवसांनी, गावातल्या कोणीतरी दाखवलं म्हणून. तिचा फोन आला. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

“ते नाव काडून टाका,” ती म्हणाली.

“अगं, पण ते तुझंच काम आहे.”

“हाय ना. पन लोका विचारतान, एवरा चांगला करायचीस, आता काय बनवतंस? दाखव ना. मी काय सांगू त्यांना?” आवाजात राग नव्हता, नुसता संकोच होता. “काडून टाका. बरा दिसत नाय.”

मी हो म्हटलं. त्या दुपारी मोबाइल घेऊन बसले आणि एकेका फोटोखालून तिचं नाव काढलं. बेचाळीस फोटो होते. माझंही नाव लावलं नाही. आता त्या फोटोंखाली काहीच लिहिलेलं नाही, आणि अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारतं, हे कोणी केलंय?