वेगळ्या चुलीचं कुटुंब

मी आकड्यांच्या बाबतीत प्रामाणिक माणूस आहे. बाकीच्या बाबतीत लोक माझ्याबद्दल काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते फारसं खोटंही नाही. पण तक्त्यात चुकीचा आकडा मी कधी जाऊ दिला नाही. राज्यात घरोघरी जातनिहाय पाहणी झाली तेव्हा आमच्या भागातल्या प्रगणकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते याच कारणाने. सरकारी शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेलेला, तेलुगू अस्खलित, उर्दू वाचता येणारा आणि स्वभावाने खडूस. साहेबांना असाच माणूस हवा होता.

प्रशिक्षणात पहिला तास कुटुंबाच्या व्याख्येचा असे. मी हॉलमधल्या शिक्षिकांना विचारायचो, कुटुंब म्हणजे काय? कुणी म्हणे रक्ताचं नातं, कुणी म्हणे एक छप्पर. मी दोन्ही खोडून काढायचो. ज्यांचं अन्न एका चुलीवर शिजतं ते एक कुटुंब. दोन भाऊ एका घरात राहतात, एकच टीव्ही बघतात, पण स्वयंपाक वेगळा, तर फॉर्म दोन. सासू-सून वर्षभर बोलत नाहीत, पण कुकर एकच, तर फॉर्म एक. यावर हॉल हसायचा. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

अंबरपेठेतल्या आमच्या घरात तेव्हा मी, बायको, मुलगी आणि आत्या असे राहत होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. माझी आई शाळेत नोकरीला होती, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालणं, पाढे पाठ करून घेणं, ताप आला की उशाशी बसणं हे सगळं आत्याने केलं. पावकी-निमकी मला आजही येते ती तिच्यामुळे.

आत्या सोवळ्यात स्वयंपाक करायची. मागच्या बाजूला, धुणं धुवायच्या जागेलगत, पत्रा टाकून बंद केलेली एक चिंचोळी खोली होती. तिथे तिची एका बर्नरची शेगडी, पितळेची दोन पातेली आणि पाण्याची वेगळी कळशी. सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं असे आणि लहानपणी त्याला हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे. आई होती तोवर घरात कांदा-लसूण बेताने असायचा. बायको आल्यावर रोजचा झाला, मुलगी मोठी झाल्यावर रविवारची बिर्याणी डब्यातून येऊ लागली. आत्याने नाक मुरडलं नाही. ती तिच्या खोलीत वरण-भात शिजवायची आणि तिथेच पाटावर बसून जेवायची. आम्ही म्हणायचो, तिचं सोवळं आहे. पाहुणे यायचे तेव्हा हे जरा कौतुकानेही सांगायचो.

आमच्या घरी मोजणीला जी शिक्षिका आली ती माझ्याच हाताखाली शिकलेली होती. कुकटपल्लीहून दोन बस बदलून यायची, तिशीतली, जीव लावून काम करणारी. दारात आत्याच भेटली. मी आत शर्ट घालत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"अम्मा, घर में कितने जने?"

"चार जने हैं हम," आत्या म्हणाली. तिला असं कुणी काही विचारलेलं फार दिवसांत मी ऐकलं नव्हतं. आवाजात चक्क मोठेपणा होता. तिने क्रमाने सांगायला सुरुवात केली. पहिलं माझं नाव, मग बायकोचं, मग मुलीचं, मग स्वतःचं.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "तीन लिखो. इनका चूल्हा अलग है."

शिक्षिका घुटमळली. "सार, अम्मा तो घरकेच हैं ना."

"ट्रेनिंग में क्या बोला था मैं?"

तिने मान खाली घातली आणि बॅगेतून दुसरा फॉर्म काढला. कुटुंबप्रमुख, आत्या. प्रमुखाशी नातं, स्वतः. एकूण सदस्य, एक. आत्या तिच्यासाठी ताकाचा पेला घेऊन उभी होती. तिने तो पुढे केला. शिक्षिकेने ताक प्यायलं, आत्याला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या घरी गेली. मला तिचा राग आला. माझ्या मते मी नियमाचा धडाच तर दिला होता.

"दुसरा कागद कशाला रे?" आत्याने विचारलं.

"नियम आहे," मी म्हणालो. "तुझी चूल वेगळी."

"हौ का," ती म्हणाली आणि पेला विसळायला गेली.

पुढे अहवाल आला. निवडक तक्ते जाहीर झाले, टीव्हीवर चर्चा झाल्या, जो तो आपापल्या जातीचा आकडा शोधत होता. मी मात्र मोबाइलवर एका माणसाच्या कुटुंबांचा तक्ता उघडून बसलो. आकडा इथे देत नाही. पण त्या रकान्यातला एक आमच्या पत्र्याच्या खोलीत राहतो हे मला माहीत होतं आणि तो अचूक पोचला याचं मला समाधान वाटलं. खरंच वाटलं. त्या दिवशी जेवताना मी तो तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. कुठल्याशा वर्तमानपत्राने लिहिलं होतं की वयस्क बायका आता स्वतंत्रपणे राहू लागल्या आहेत, समाज बदलतो आहे.

बायको हसत म्हणाली, "ऐकलंत का आत्याबाई, तुम्ही आता कुटुंबप्रमुख. आता तुम्ही आम्हाला विचारायचं नाही, उलट आम्हीच तुम्हाला विचारायचं."

आत्या मधल्या दारात उभी होती. आम्ही जेवत असलो की ती बरेचदा तिथे उभी राहायची, चौकटीला हात लावून. भाजी कशी झाली विचारायची, मुलीला सांडू नकोस म्हणायची, आणि मग मागे जाऊन आपलं पान वाढून घ्यायची. मुलगी म्हणाली, "आजी, सरकारने तुला घटस्फोट दिला आमच्यापासून." आम्ही तिघं हसलो. आत्याही हसली, पण जरा उशिरा.

त्याच सुमारास बिल्डरचं जमलं. घर पाडून चार मजले उठणार आणि आम्हा दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळणार. घर आजोबांनी बांधलेलं, कायद्याने आत्याचाही वाटा निघाला असता. पण तिने माझ्या वडिलांच्या हयातीतच हक्कसोडपत्रावर सही केली होती, ते म्हणाले म्हणून, न वाचता. राहता राहिला प्रश्न की ती जाणार कुणाकडे. माझा धाकटा भाऊ सिकंदराबादला रेल्वेत आहे. बोलायला बसलो तेव्हा मी म्हणालो, काही महिने तू ठेव, काही महिने मी ठेवतो. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मला विसरता येत नाही.

"दादा, सरकारी कागदात तिचं कुटुंब वेगळं आहे ना? तूच लिहवलंस. मोबाइलवर मला तक्ता पण पाठवलास. आता माझ्या गळ्यात कशाला टाकायलास?"

पाहणीचा फॉर्म हा कशाचाच पुरावा नसतो. त्यावर कुणाचा हक्क ठरत नाही, कुणाची जबाबदारी सुटत नाही. प्रशिक्षणात मी हे स्वतः सांगितलेलं होतं. भावाला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला त्याचं म्हणणं सोयीचं वाटलं आणि मी गप्प बसलो. बायकोने चहा ओतला. आत्या दारात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खुर्चीपाशी आली. मी हजेरीचे कागद तपासत होतो. ती म्हणाली, "त्या कागदात दुरुस्ती करता येते का रे? मला तुमच्यात लिही."

आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं हे एवढंच आठवतं. आणि दुरुस्ती करता येत होती. ज्यांची नोंद राहिली किंवा चुकली त्यांच्यासाठी अहवालानंतर आठवडाभराची मुदत दिली होती, फॉर्म माझ्याच बॅगेत होते. पण मी तिला समजावून सांगितलं, वर्गात मठ्ठ मुलाला सांगावं तसं, सावकाश. चूक झालेली असेल तरच दुरुस्ती करता येते. इथे चूक नाही. तुझं अन्न वेगळं शिजतं. आमच्या चुलीवरचं खात असतीस तर मी आत्ता बदललं असतं. खोटं मी लिहीत नाही.

"हौ," ती म्हणाली. "नियम तर पाहिजे."

ती तरीही गेली नाही. बराच वेळ उभी राहिली. स्वयंपाकघरात बायको पोळ्या लाटत होती, कणकेचा वास येत होता, नऊ वाजायला आले होते. मला वाटलं तिला अजून कळलं नाही, म्हणून मी कुटुंबाची व्याख्या पुन्हा एकदा सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली. मग मागे गेली. शेगडीचा लायटर तीन-चार वेळा वाजला आणि मी कागदांकडे वळलो. फॉर्म मुदत संपेपर्यंत बॅगेतच राहिले.

आत्याची सोय सिकंदराबादच्या एका महिलाश्रमात झाली. चांगली जागा आहे, स्वच्छ आहे, झाडं आहेत. असं सगळेच सांगतात, मीही सांगतो. आम्ही कुकटपल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. आत्याला पोचवायला भाऊ गेला होता. मला शाळेत काम निघालं. म्हणजे मी काढलं. आत्याने शेगडी आणि पितळेची पातेली बायकोला देऊन टाकली. तिथे नेऊ देत नाहीत म्हणाली.

मी पहिल्यांदा गेलो तो तीन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी. जेवणाची वेळ होती. लांब हॉलमध्ये लोखंडी टेबलं होती आणि पन्नासेक बायका ओळीने बसल्या होत्या. आत्या दुसऱ्या टेबलाला होती. साधं सुती पातळ, डाव्या हाताला एक ख्रिस्ती नर्सबाई, उजवीकडे एक तेलुगू आजी. ताटात भात, कांद्याचं सांबार, लसणाची फोडणी घातलेली पालेभाजी. ती जेवत होती. नुसती जेवत नव्हती, बोलत होती. शेजारणीच्या ताटात आपल्या हाताने लोणचं वाढत होती. मी भिंतीशी उभा राहून हे बघत राहिलो. माझा विश्वास बसेना.

हात धुऊन ती बाहेर आली तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. तब्येतीचाही नाही. "आत्या, सोवळं?"

ती बाकावर बसली. पदराने हात पुसले. "सोवळं कधीच सोडलं मी. तुझी आई गेली तेव्हाच. एकटीने कुणासाठी पाळायचं?"

"मग वेगळी का शिजवायचीस? इतकी वर्षं?"

"तुम्ही म्हणायचे ना, आत्याचं सोवळं आहे म्हणून. तुझी बायको माझा तांदूळ भिजतच घालायची नाही. मोजूनच घ्यायची, तुम्हा तिघांपुरता." ती रागावली नव्हती. कालच्या पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होती. "मी रोज येऊन दारात उभी राहायचे. वाटायचं, कुणीतरी म्हणेल, ये, बस."

मला ती नऊ वाजताची वेळ आठवली. कणकेचा वास आठवला. मी तिला व्याख्या दोनदा समजावली होती, आणि ती तिला पहिल्याच वेळी कळली होती. तिची चूल आमच्या चुलीत यायला एक पोळी पुरली असती. मी हाक मारली असती तर फॉर्म त्याच क्षणी खरा झाला असता, आणि कुणाला खोटं बोलावं लागलं नसतं. ती तेवढ्यासाठी थांबली होती. आणि मी, ज्याला चुलींबद्दल सगळं माहीत होतं, मी हजेरी तपासत होतो.

लाज वाटली. तिथे बसून रडावं असंही वाटलं, पण समोरून बायका जात होत्या.

"म्हणायचं नाही का आत्या? तोंडाने सांगायचं."

"जेवायला घाला म्हणून?" ती म्हणाली. "आपल्या घरात?"

मी तिचा हात धरला. म्हणालो, "चल घरी." आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. दोन खोल्या, मुलीचं अभ्यासाचं टेबल, एकच बाथरूम, बायकोचा चेहरा. आत्याने माझ्याकडे बघितलं. मला लहानपणापासून ओळखणारी बाई ती, तोंडी गणित चुकलं की माझ्या कपाळावरून ओळखायची. तिने हात सोडवून घेतला, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "जा आता. उशीर केलास तर ट्रॅफिकमध्ये परेशान होशील."

मी तिला पुन्हा आग्रह केला नाही. फाटकातून बाहेर पडलो, रिक्षाला हात केला. खोटं कशाला लिहू, मला हायसं वाटलं.