ओढू रे?

पार्से गावातल्या आमच्या काजूबागेतल्या खड्ड्यात भर घालायला एक ट्रॅक्टरवाला पाडलेल्या घरांचा राडारोडा ट्रेलरने आणतो. नेहमी एकटाच. चहा दिला तर पाठमोरा बसून पितो.

ट्रेलरमध्ये पुढच्या टोकाला त्याने एक जाड फळी उभी ठेवलीय. तिच्या कडीत वायरचा हूक अडकवायचा आणि वायर मागे, काजूच्या बुंध्याला बांधलेल्या विंचपर्यंत न्यायची. हँडल फिरवलं की फळी सरकत येते आणि चिरे, माती, कौलं सगळं मागून खाली पडतं. दुसऱ्या माणसाची गरजच नाही.

तरीही हँडल धरून तो दर खेपेला मोठ्याने विचारतो, "ओढू रे?" ट्रेलरपाशी कोणीच नसतं. तो मान कलती करून थोडा थांबतो, मगच ओढतो.

परवा मी तिथे उभा होतो. त्याने विचारताच मी हौसेने ओरडलो, "ओढा!"

त्याचा हात हँडलवरून खाली आला.

"हूक बघल्याशिवाय तो कधी 'ओढ' म्हणाक नाय," तो म्हणाला.

'तो' कोण, हे मला विचारवलं नाही. मी ट्रेलरवर चढलो, हूक हलवून पाहिला, खाली उतरलो आणि म्हटलं, "ओढा."

तरीही मान कलती करून तो थोडा थांबलाच.