तळ्यावरची लाल पाटी

क्रांती चौकामागच्या एका गल्लीत पाणी तपासायची प्रयोगशाळा होती. कस्तुराबाई तिथं बाटल्या धुवायच्या. माहेर सिल्लोडकडच्या धनगरवाडीचं. लग्न होऊन शहरात आल्या, नवरा लवकर गेला, तेव्हा प्रयोगशाळेच्या सांडू मॅडमनी त्यांना कामाला लावून घेतलं. तळ्यांचं, नाल्यांचं पाणी त्या बाटल्यांतून यायचं आणि त्यात काय मिसळलंय ते मॅडम शोधायच्या. शिसं शोधायच्या बाटल्या नायट्रिक तेजाबात भिजवायच्या. नायट्रेटच्या बाटल्यांना मात्र तेजाबाचा थेंबही लागू द्यायचा नाही, कारण त्या तेजाबातूनच पाण्यात नायट्रेट उतरतं. मॅडमनी हे बजावलं होतं आणि कस्तुराबाईंनी ते वर्षानुवर्षं पाळलं होतं.

एका उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे पडले. धुवायला पाणी पुरेना. नमुने आणायला निघालेली जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि बाटल्या कमी. कस्तुराबाईंनी तेजाबातल्या काही बाटल्या काढल्या, घाईघाईनं विसळल्या आणि नायट्रेटच्या पेटीत भरल्या. "एवढ्यानं काय व्हतंय," त्या पुटपुटल्या.

त्या बाटल्या गेल्या नेमक्या त्यांच्या माहेरच्या तळ्यावर. नायट्रेट भलतंच जास्त निघालं. तळ्याकाठी लाल पाटी लागली : माणसांनी वा जनावरांनी हे पाणी पिऊ नये.

भाऊ कारभारी शहरात विचारायला आला. "आक्का, तू तिथंच असतीस. खरंच इख हाय का पाण्यात?"

"मशीन दाखवतंय म्हंजी आसंल," कस्तुराबाई म्हणाल्या. "मेंढरं लांब ने."

कारभारी आणि त्याची बायको बानाबाई कळप घेऊन पैठणच्या वाटेला लागले. धरणाला तरी पाणी असेल म्हणून. मेंढ्या गाभण होत्या. उन्हानं वाटेतच कितीतरी गाभडल्या, पोटातली कोकरं गेली.

इकडं त्याच पेटीतली एक बाटली उरली होती. मॅडमनी सहज तिच्यात शुद्ध पाणी घालून तपासलं, तर त्यातही नायट्रेट.

"यात हे आलं कुठून?" मॅडम म्हणाल्या.

कस्तुराबाईंनी हातातला ब्रश मोरीत ठेवला. "मॅडम, ती बाटली तेजाबातली हाय. म्याच भरली."

मॅडमनी तळ्याचा अहवाल काढून खालची आपली सही पाहिली. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगायचं ना, बाई! आणि मी तरी सही करण्याआधी पुन्हा का तपासलं नाही?"

पुन्हा नमुने आले. पाणी चांगलं निघालं, पाटी उतरली. पाटी उतरवणाऱ्यांनी कारण काही सांगितलं नाही. ते सांगायला कस्तुराबाई स्वतः वाडीवर गेल्या. कारभारी नुकताच परतला होता. करडं-कोकरं ठेवायचं कुडाचं खोपटं रिकामंच होतं.

"बाटली म्या नीट धुतली नव्हती," त्या दारातच म्हणाल्या. "तळ्यात कायबी नव्हतं."

"म्हंजी पाणी गोड व्हतं?" बानाबाईनं विचारलं. "आन आमी उन्हातान्हात हिंडत ऱ्हायलो?"

तिनं घागर उचलली आणि लांबच्या विहिरीकडं निघून गेली. वाडीतले बाकीचेही तळ्याकडं फिरकेनात. आधीचं खरं का आताचं, असं ते कस्तुराबाईंनाच विचारत. "आताचं," त्या म्हणायच्या, पण कुणाला पटायचं नाही.

परत आल्यावर त्यांनी मॅडमना सांगितलं, "मला काढून टाका." मॅडमनी काढलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पेटीतली एक बाटली आधी शुद्ध पाण्यानं तपासली जाऊ लागली. कस्तुराबाई ती तपासणी होईपर्यंत दाराशी उभ्या राहायच्या. बाटली निर्दोष निघाली तरी त्यांना बरं वाटायचं नाही.

भाऊबिजेला जावं की नाही, या विचारात त्या होत्या. कारभारीच न्यायला आला. ओवाळून झालं, पानं वाढली. बानाबाईनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला.

"तळ्याचंच हाय," ती म्हणाली. "मेंढरंबी तिथंच पितेत आता. प्या."

कस्तुराबाईंनी तांब्या रिकामा केला. बानाबाईकडं बघायचं मात्र त्यांना जमलं नाही.