शकूमावशी आणि भुताचे पिक्चर

मला भूत लागलंय, असं एकेकाळी अख्ख्या कॉलनीनं ठरवलं होतं.

ते उतरवलं शकूमावशींनी. व्हिडिओ हॉलमध्ये नेऊन.

मावशी आज सकाळी गेल्या.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंकुशनगर, साखर कारखान्याची कॉलनी. माझं नवीनच लग्न झाल्तं.
सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

मी जेवेना. बोलेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

सासूबाई म्हणाल्या, "हिला कुणीतरी धरलंय."
अमावस्येला देवरशी बोलवायचं ठरलं.

शकूमावशी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. भुताचा एकही पिक्चर सोडायच्या न्हाईत. त्यावरून सगळे त्यांना हसायचे.

त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आक्का, भुतातलं मला बराबर कळतं. पोरीला जरा घेऊन जाते."
आणि सासूबाईंना ते चक्क पटलं!

शहागडला दुपारचा शो. पत्र्याचं शेड, बायका आम्ही दोघीच.

टीव्हीवर नुसता धूर, लाल लाईट, फुल्ल साऊंड. पांढऱ्या साडीतली बाई विहिरीतून वर आली.
तिच्या हातात घड्याळ!

मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बया, ही तर ड्युटीवर आली!"

मी हसले. हसता हसता रडायलाच लागले.

मावशींनी माझा हात धरला. "बघ, हिला जिवंतपणी कुणी विचारलं न्हाई. आता मेल्यावर सगळे ऐकून राह्यले. तू आत्ताच बोल. मी ऐकते."

मी बाळाबद्दल पहिल्यांदाच बोलले. पिक्चर संपला तरी बोलतच होते.

अमावस्येला देवरशी आला, तर मावशी आमच्या उंबऱ्यावर बसलेल्या.
"तिचं लेकरू गेलंय. भूत-बीत बिलकुल न्हाई. आत जायचं तर मला ओलांडून जा."
त्याची हिंमत झाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला अंबडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आमच्या ह्यांनाही दटावून सोबत घेतलं.
हळूहळू मी सावरले.

मंग आम्ही दोघी जोडीनं जायला लागलो. रबरी मुखवटे, टोमॅटो सॉसचं रक्त, सगळं पाह्यलं.
टुकार म्हणा, काहीही म्हणा. गप्प बसवलेली बाई त्यात परत येते आणि सगळ्यांना जाब विचारते. मला ते तेव्हा आवडलं, आजही आवडतं.

मघाशी कुणीतरी फोनवर म्हणालं, "ताई, मावशींवरच्या पोस्टमध्ये ते भुताच्या पिक्चरचं नका टाकू. बरं दिसत न्हाई."

का न्हाई टाकायचं?
श्रद्धांजलीच्या बॅनरवर तुम्ही खुशाल 'धार्मिक वृत्तीच्या' लिहा. माझ्या वॉलवर खरं तेच राहील.
माझ्या दोन्ही लेकी हे वाचतील. त्यांना कळू दे, त्यांची आई कुणामुळं जगली.

मावशी, सुखानं जा.
भरल्या डोळ्यांनी आणि ताठ मानेनं तुम्हाला निरोप.